नावं नको घेऊ, मास्तर

नामदेव,

परवा तुझी तेरवी झाली. पंगत उठल्यावर आखाड्यातच खुर्च्या मांडून शोकसभा घेतली. अध्यक्ष मीच. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, खुर्ची दिसली का बसलाच तू." हौद्यातली माती ताडपत्रीनं झाकली होती, तुझे मुद्गल भिंतीला टेकवले होते आणि मारुतीच्या शेजारी तुझा फोटो होता. त्या फोटोत तू टोपी घातली आहेस. आयुष्यात तुला टोपीत मी दोनदाच पाहिलं असेल.

सगळे चांगलं बोलले. मग खालच्या गल्लीतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "वस्ताद म्हणजे सोन्यासारखा माणूस. एकच चुकलं त्याचं. त्या दसऱ्याले पोट्ट्यायले पोलिसाच्या हाती देलं. तेवढं सोडलं तं देवमाणूस होता." लोकांनी माना हलवल्या. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. इतक्या वर्षांत ती गोष्ट सगळ्यांनी तुला माफही करून टाकली होती. सुमनवहिनी दाराशी बसल्या होत्या, त्यांनी पदर थोडा पुढे ओढला. शेवटचं भाषण माझं होतं. मी तुझ्या शिस्तीबद्दल आणि वक्तशीरपणाबद्दल बोललो. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो आणि लोक पांगले.

तू पोरांना पोलिसांच्या हाती दिलं नाहीस. मी दिलं. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि तिसऱ्याला कळू नये याची काळजी आपण दोघांनी घेतली. तू माझ्यासाठी घेतलीस. मीही माझ्यासाठीच घेतली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. तू तेवढा वेळ कंटाळ.

आपला आखाडा वरच्या आणि खालच्या गल्लीच्या मधोमध. या दोन गल्ल्यांचं भांडण कशावरून सुरू झालं हे आपल्याला लहानपणीही कुणी सांगू शकलं नव्हतं. आपल्या वेळी दगड होते, फार तर सायकलची साखळी. नंतर चाकू आले. वाढदिवसाला चौकात बॅनर लागायचा, गाडीच्या सीटवर केक ठेवायचा आणि तो तलवारीनं नाहीतर हातभर सुऱ्यानं कापायचा. ज्याच्याकडे सुरा नाही त्याचा वाढदिवस वाढदिवस नव्हता. केक कापून झाला की सुरा कंबरेला राहायचा. मग कुणी कुणाकडे कसं पाहिलं एवढंही पुरायचं.

मी शाळेतून निवृत्त झालो होतो आणि मोहल्ल्याच्या शांतता समितीचा सचिव झालो होतो. आम्ही बैठका घेत होतो. चहा व्हायचा, ठराव व्हायचा. तू बैठकांना यायचा नाहीस. तू सकाळी वलगाव रोडवरच्या वावरात पालक आणि मेथी काढायचास, माल मार्केटला टाकायचास आणि संध्याकाळी आखाड्यात यायचास. तुझा नियम एकच होता. वरच्या गल्लीच्या पोरानं खालच्या गल्लीच्या पोराच्या पाठीला माती लावायची आणि त्यानं याच्या. आपल्या गल्लीतल्याशी जोड नाही. मी विचारलं होतं, यानं काय होणार? तू म्हणालास, "पाठ वळखीची झाली का हात थबकते, मास्तर. थांबत नाही. थबकते. तेवढं बी लय झालं."

मग तो दिवस, एका पोराच्या लंगोटाला सुरा खोवलेला तुला दिसला तो. तो वरच्या गल्लीतला, उंच, गोरा, बोलायला कमी. इथे त्याला गजानन म्हणतो. तू त्याला रागावला नाहीस. म्हणालास, "लेका, कुस्तीत हे कायले? तुले कोनी पाडलं तं तुह्याच पोटात जाईन. मंग म्या तुह्या मायले काय सांगू, पोट्टा सोताच्याच चाकूवर पडला?" पोरं हसली. गजाननही हसला, पण सुरा काही त्यानं दिला नाही.

तो तू दसऱ्याला घेतलास. दसऱ्याला आपण आखाड्यात लाल कापड अंथरून हत्यारं पुजायचो. दांडपट्टा, लाठ्या, तुझ्या आजोबांची ती बोथट तलवार. त्या वर्षी तू गजाननला म्हणालास, "ते बी ठेव इथं. हत्यार आहे ना? मंग त्याले बी हळदकुंकू पायजे." त्यानं ठेवला. तू त्यावर झेंडूचं फूल वाहिलंस, नारळ फोडला आणि आरती झाल्यावर तो हात पुढे करून आला तर म्हणालास, "आता नाही. पुजेले बसलं ते मारुतीचं झालं. ते पेटीत राहीन. दर दसऱ्याले काढू, पुसू, पुजू. तू वर्षातून एकदा पाहाले येत जा."

मी तुला बाजूला घेऊन म्हणालो, असा काही नियम शास्त्रात नाही.

"शास्त्रात नसन. आखाड्यात आहे."

"कधीपासून?"

"आत्ताच झाला. तुह्यासमोरच झाला."

पुढच्या वर्षी कापडावर सहा-सात सुरे होते, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त. जुने मालक आपापला सुरा पाहायला यायचे. तू तो लिंबू आणि राखेनं घासून ठेवलेला असायचा. तो त्यांच्या हाती द्यायचास, फूल वाहायला लावायचास आणि तेवढ्यात विचारून घ्यायचास. काय करून राहिला? आईचं दुखणं कसं आहे? कॉलेज सोडलं का काहून? हा पेपर वर्षातून एकदा असायचा आणि त्याला कुणी दांडी मारत नव्हतं.

आता माझं.

मला ते फार आवडलं होतं. इतकं, की ते जगाला दिसावं असं वाटायला लागलं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी समितीत ठराव मांडला की यंदाचं शस्त्रपूजन जाहीर कार्यक्रम म्हणून करावं. मंडप, माईक, प्रमुख पाहुणे म्हणून ठाण्याचे साहेब. हत्यार ठेवणाऱ्या प्रत्येक मुलाचा गुलाबपुष्प देऊन सत्कार. माझा हेतू चांगला होता, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. मला शाळेतल्या बक्षीस समारंभाची सवय होती. मुलाचं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, तो पुढे आला की त्याचं आयुष्य बदलतं, असं मला खरंच वाटायचं.

आदल्या दिवशी मी वावरात आलो तेव्हा तू झेंडू तोडत होतास. तुला सांगितलं. तू परडी खाली ठेवली नाहीस.

"पाहुणा कायले? मारुतीले पाहुणा लागते का?"

"साहेब आले तर पोरांना बरं वाटेल. पोलीस म्हणजे शत्रू नाही हे कळेल."

"मास्तर, ते पोट्टे मले सुरा देते. पोलिसाले नाही देत."

"अरे, कार्यक्रम ठरला आहे."

तू ओळीच्या टोकापर्यंत तोडत गेलास. मग म्हणालास, "बोलावलंच असन तं येऊ दे. फक्त नावं नको घेऊ, मास्तर. कोनाचंच नाव नको घेऊ."

मी म्हणालो, "नाव घेतल्याशिवाय सत्कार कसा होईल?"

आपलं त्यावरून चांगलंच वाजलं. तू म्हणालास, तुले सत्कारच करायचा असन तं माहा कर. मी म्हणालो, तुला नव्या गोष्टी कळत नाहीत. तू म्हणालास, जुन्या कळते. मी रागानं निघालो आणि बांधावर माझी चप्पल तुटली. तू सुतळी आणून ती बांधून दिलीस. आपला तो वाद तिथेच राहिला. पुढे कधी तो पुरा करायची मला हिंमत झाली नाही.

निमंत्रणपत्रिका मी छापून आणली होती. तिच्यावर खाली लिहिलं होतं, 'निमंत्रक : नामदेव वस्ताद'. तुला विचारलं नव्हतं. तुझा मान म्हणून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी माईकवर मी म्हणालो, "आदरणीय वस्तादांच्या आज्ञेवरून मी आता त्या धाडसी मुलांची नावं पुकारतो." कार्यक्रमात असंच बोलतात. आज्ञा कुणाची नसते. पण ऐकणाऱ्यांना काय कळणार? सूत्रसंचालक म्हणजे हातात येईल ते वाचणारा माणूस, असंच सगळ्यांना वाटतं. नावं मला पाठ होती. मोहल्ल्यातली निम्मी पोरं माझ्या वर्गात बसली होती. मी हजेरी घ्यावी तशी ती पुकारली, आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं नाव. पहिलं नाव गजाननचं होतं. तो कापडाजवळ उभा होता, त्याच्या हातात त्याचाच जुना सुरा तू पुजेसाठी दिलेला. तो तसाच उभा राहिला आणि फोटो निघाला. तू मारुतीकडे तोंड करून उभा होतास. तू वळला नाहीस.

साहेबांना दोष देण्यात अर्थ नाही. ते पाहुणे म्हणून आले, पेढा खाल्ला, चांगलं बोलले. पण त्यांच्याकडे चार वर्षांपूर्वीच्या एका मारामारीची तक्रार पडून होती. त्यात खालच्या गल्लीच्या पोरानं सांगितलं होतं, वरच्या गल्लीतला उंच गोरा मुलगा, नाव माहीत नाही. आता नाव होतं, बापाचं नाव होतं, सुरा होता आणि पेपरात फोटोही होता. दिवाळीच्या आधी गजाननला उचललं, त्याचा सुरा जप्त झाला आणि पुढे तो दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून तडीपार झाला. अकोल्याला मामाकडे गेला.

त्याची आई आखाड्याच्या दाराशी आली ती संध्याकाळ तुला मी काय सांगणार. पोरं जोर मारत होती. ती आत आली नाही, दारातूनच बोलली. "पुजेले बोलावलं अन् दाखवून देलं. वस्ताद, तुह्या हातचा परसाद खाल्ला माह्या पोरानं. पत्रिकेवर तुहं नाव, माईकवर तुही आज्ञा. कोनत्या तोंडानं मारुतीसमोर उभा राहतं?" मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "बाई, घरी जा, आपण बघू काय करता येईल ते."

एवढंच म्हणालो.

ती गेल्यावर मी तुला विचारलं, तू बोलला का नाहीस. तू माती सारखी करत होतास. म्हणालास, "तुही पोरगी त्या गल्लीतून कॉलेजले जाते. पोट्टे तापले आहेत. माह्यावर थुकतीन, दुसरं काय करतीन? म्या पैलवान माणूस आहो." मग थोड्या वेळानं, "तिचं होऊन जाऊ दे. मंग सांग."

तिचं कॉलेज झालं. लग्न झालं, ती नाशिकला गेली. कारण संपलं आणि सवय उरली. दर वर्षी वाटायचं, आता कशाला, लोक विसरले असतील. लोक विसरले नव्हते, हे परवा कळलं.

त्या वर्षानंतर कापडावर नवा सुरा आला नाही. जुने मालकही येईनासे झाले. पुढच्या उन्हाळ्यात कुणाचा तरी बॅनर फाटला म्हणून खालच्या गल्लीतल्या एका पोराला चाकू लागला. तो वाचला. त्याच्या उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत. तो आता मोबाइलच्या दुकानात बसतो आणि डाव्या हातानं बिल लिहितो. ज्यानं मारलं त्यानं, गजाननला उचलण्याआधी, तुला कबूल केलं होतं की पुढच्या दसऱ्याला सुरा आणून ठेवतो. हे तू मला एकदाच सांगितलंस, इस्पितळाच्या जिन्यात, आणि पुन्हा कधी काढलं नाहीस. तू विसरला असशील असं समजून चालायची मी सवय करून घेतली.

तू मात्र आखाडा बंद केला नाहीस. रिकाम्या हौद्यात एकटाच माती खणायचास. त्यात ताक, हळद आणि तेल घालायचास. आधी लहान पोरं आली, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. मग त्यांचे मोठे भाऊ त्यांना न्यायला यायला लागले, मग थोडं थांबायला लागले. शिव्या खाऊन पुन्हा तिथेच उभं राहणं मला जमलं नसतं. कितीतरी वर्षांनी एक नवा सुरा कापडावर आला, त्या दिवशी तू मला गुपचूप दोन पेढे दिलेस. गेल्या वर्षी पेटीचं झाकण लागत नव्हतं. आज आपल्या चौकात पोरं केक प्लॅस्टिकच्या सुरीनं कापतात आणि त्याचं श्रेय माझ्या समितीला मिळतं. शाल आणि मानपत्र माझ्या घरात आहे. तुझ्या घरात पेटी आहे.

आणि दर दसऱ्याला, सुरे मांडून झाले की तू कापडाच्या एका कोपऱ्यात वीतभर जागा मोकळी ठेवायचास. तिथं एक फूल ठेवायचास. पोरांना वाटायचं, तो काही विधी आहे. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "गज्याची जागा आहे ते."

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तू दोनदा विचारलंस, गज्या आला का. वहिनींनी त्याला फोन लावला होता. मी म्हणालो, येत असेल. तू डोळे मिटून म्हणालास, "आता तं तुही पोरगी बी नाशकात आहे, मास्तर. सांग त्याले." मी हो म्हणालो. तुझा हात हातात घेतला होता. तो मुद्गलाच्या मुठीसारखा टणक होता, अजूनही. मी तेव्हाच खोलीबाहेर जाऊन फोन करायला हवा होता. तू बरा होशील, मग दोघं मिळून अकोल्याला जाऊ, असं मी ठरवलं. मला एकट्याला जायचं नव्हतं.

काल एकटाच गेलो.

बडनेऱ्याहून गाडी पकडली. अकोल्यात त्याचं दुकान शोधायला फार त्रास झाला नाही. मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवतो. पोट सुटलं आहे, कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. मला पाहून मशीन थांबवलं नाही.

"बसा, सर. वस्ताद गेले ते समजलं."

मी बसलो आणि सांगितलं. पत्रिका मी छापली. साहेबांना मी बोलावलं. नावं मी काढली. वस्ताद आदल्या दिवशी मला म्हणाला होता, नावं नको घेऊ.

तो शिवत होता. शिलाई टोकापर्यंत गेली तरी पायडल चालूच राहिलं, नुसतंच. मग थांबलं.

"वस्तादले माहं आडनाव कुठं माहीत होतं," तो म्हणाला. मला नाही, स्वतःलाच. "गज्या म्हणे. माह्या बापाचं नाव त्यानं कधी इचारलं नाही. तुमी माईकवर आडनावासकट सांगतलं. बापाच्या नावासकट. हे मले तवाच समजाले पायजे होतं."

त्यानं कव्हर मशीनखालून काढलं.

"वहिनीचा फोन आलता. दोनदा. म्या उचलला नाही. म्हटलं, मराले टेकला तवा आठवण आली का." त्यानं कव्हर उलटं केलं, सुलटं केलं. "तुमी त्याच्यासमोर सांगाले पायजे होतं, सर. आता मले सांगून काय करता? आता म्या कोनाले सांगू?"

त्यानं मला क्षमा केली नाही, आणि मी ती मागितलीही नाही. मी उठलो. मग आठवलं म्हणून कापडावरच्या जागेचं सांगितलं. वीतभर जागा, एक फूल, दर वर्षी. त्यानं मशीनखालचे धागे गोळा केले. मग विचारलं, "माहा सुरा तं पोलिसात गेला. तिथं पाहाले काय येऊ?"

"जागा आहे," मी म्हणालो.

दुकानाबाहेर आलो तेव्हा मागून आवाज आला, "यंदा दसरा कधी आहे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "येतो. पन माहं नाव नका घेऊ."

पेटीची किल्ली वहिनींनी मला दिली आहे. फुलं तुझ्याच वावरातली असतील, तुझा पुतण्या तोडून आणील. मंडप नाही, माईक नाही, पाहुणा नाही. आपापला सुरा पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला, आणि परवा शोकसभेत उठून बोलले त्या गृहस्थांनाही, मी शेजारी उभा राहून हे सगळं सांगणार आहे. कुणी थुंकलं तर थुंकू दे. मी पैलवान नाही, पण म्हातारा आहे, निभेल. कोपऱ्यातली जागा मीच मोकळी सोडीन. वीतभर म्हणजे तुझी वीत. माझी लहान आहे, ते लक्षात ठेवीन.

आणि वर मी त्याला गजानन म्हटलं आहे, तुझ्या तोंडीही गज्या घातलं आहे. ते त्याचं नाव नाही. तू त्याला ज्या नावानं हाक मारायचास ते यात कुठेच लिहिलेलं नाही. एवढं तरी या वेळी तुझं ऐकलं.

— मास्तर